कोकणातल्या घराला लाकडी जमीन: आधी ओल मोजा, मग लाकूड निवडा

जर्मनीत नाहीतर अमेरिकेत मुलाकडे एक हिवाळा काढून आलेली माणसं गुहागर-दापोलीकडे घर बांधायला काढतात, तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो. तिकडे अनवाणी पायाला ऊबदार लागणारी लाकडी जमीन होती, तशी इथे होईल का? उबेची गरज इथे कुणाला नाही, तो भाग सोडून देऊ. लाकडी जमीन मात्र होते, आणि नीट केली तर पिढीभर टिकते. पण ती तिकडच्या माहितीपत्रकावरून करायला गेलात, तर पहिल्याच श्रावणात फळ्या उठतात.

तिकडचं गणित आधी समजून घ्या, कारण इथलं गणित त्याच्या बरोबर उलट आहे. थंड देशात स्लॅबच्या आत प्लास्टिकच्या नळ्या फिरवतात, त्यातून कोमट पाणी खेळतं आणि जमीन तापते. लाकूड असेल तर पृष्ठभाग साधारण २७ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. (आपल्याकडे मे महिन्यात घरातली लादी काही न करता त्याच्या वर असते, हे तिकडच्या माणसाला सांगून पाहा.) तिथली खरी भीती तापमानाची नसून कोरडेपणाची असते. हिवाळ्यात तापवलेल्या घरातली आर्द्रता २५-३० टक्क्यांवर येते, लाकूड सुकून आखडतं आणि फळ्यांमध्ये फटी पडतात. म्हणून ते अरुंद फळ्या, उभ्या रेघांचा काप, नाहीतर प्लायवर चिकटवलेलं इंजिनिअर्ड वूड निवडतात. यादी चांगली आहे आणि बरीचशी आपल्यालाही चालते. पण तिकडे लाकूड आखडतं, इकडे ते फुगतं.

लाकूड भोवतालच्या हवेशी सतत देवघेव करत असतं. हवा दमट झाली की ओल घेतं, कोरडी झाली की सोडतं. ३० अंशांच्या आसपास हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातली ओल सहा टक्क्यांवर स्थिरावते. ५० टक्क्यांना नऊ, ६५ ला बाराच्या जरा खाली, ८० ला साडेपंधरा, ८५ ला सतरा-साडेसतरा, आणि ९० ला वीस. किनाऱ्यावरच्या घरात जानेवारी-फेब्रुवारीत लाकूड अकरा-बारा टक्क्यांवर असतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये सतरा-अठराकडे सरकतं. म्हणजे वर्षाला सहा टक्क्यांची ये-जा. ही टाळता येत नाही. तिला जागा ठेवायची असते.

ही ये-जा मिलिमीटरमध्ये किती, ते लाकडाच्या जातीवर आणि कापावर ठरतं. साग क्राउन कट असेल, म्हणजे फळीवर डोंगरासारखी कमानीची नक्षी असेल, तर ओल एक टक्का वाढली की रुंदी ०.१९ टक्के वाढते. तोच साग क्वार्टर कट, म्हणजे उभ्या सरळ रेघांचा असेल, तर ०.१० टक्के. सहा टक्क्यांना गुणलं तर ९० मिमीची क्राउन कट फळी एक मिलिमीटर फुगते, क्वार्टर कट फळी अर्धा. आता परदेशी ओक घ्या. त्याचा क्राउन कटाचा आकडा सागाच्या जवळजवळ दुप्पट, ०.३७ च्या आसपास. शिवाय तो कारखान्यातच ६ ते ९ टक्क्यांपर्यंत सुकवून पेटीत बंद केलेला असतो, कारण तो तापवलेल्या घरांसाठी बनतो. ती सहा इंची फळी सात टक्क्यांवर इथे आणून घट्ट बसवली आणि पावसाळ्यात ती सतरावर गेली, तर एकेक फळी साडेपाच मिलिमीटरपर्यंत पसरायला बघते. दहा फळ्यांत दोन इंच. भिंत हलत नाही, तेव्हा जमीनच उठते. यात लाकडाचा दोष नाही आणि ‘भारी माल’ हा त्यावरचा उतारा नाही.

लांबीचं काय, असं बरेच जण विचारतात. लांबीत लाकूड नावापुरतंच हलतं. हिशेब फक्त रुंदीचा ठेवायचा.

क्वार्टर कट ओळखायला दुकानदाराला विचारू नका, फळीचं टोक बघा. टोकावर वर्षकड्या फळीच्या रुंद बाजूला काटकोनात उभ्या दिसल्या तर क्वार्टर कट. हसऱ्या तोंडासारख्या वाकलेल्या दिसल्या तर क्राउन कट. दोन्हींच्या मधल्या, तिरक्या कड्या असलेल्या फळ्या सगळ्यात जास्त येतात, त्याही चालतात. फक्त पूर्ण क्राउन कट फळ्या वेगळ्या काढा आणि पलंगाखाली, कपाटाखाली जातील अशा बेताने लावा. टोक मेण लावून किंवा रंगवून झाकलेलं असेल तर दोन मिमी कापायला सांगा. कापायला जो काचकूच करतो त्याच्याकडून घेऊ नका.

जातीचं बोलायचं तर कोकणात साग हाच पहिला, आणि कारण वर आलंच: तो कमी हलतो. शिवाय गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पण ‘साग’ या एका नावाखाली वखारीत बरंच काही असतं. बल्लारपूर-आलापल्लीकडचा सीपी (जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून पडलेलं नाव), बर्मा, दांडेलीचा, आणि आता घाना, इक्वाडोरहून येणारा लागवडीचा. लागवडीचा साग वाईट नसतो, पण झाड कोवळं तोडलेलं असतं, त्यामुळे सालीलगतचा पांढरा भाग जास्त. त्या पांढऱ्याला टिकाऊपणा नाही. भुंगा पोखरतो आणि खाली पिठासारखी भुकटी पडते. पॉलिशवाले तो रंग मारून एकसारखा करतात, म्हणून पॉलिशपूर्वीच फळी बघायची. कडेला दोन-तीन मिमी पांढरं आणि तेही खालच्या अंगाला असेल तर सोडून द्या. वरच्या तोंडावर दिसलं तर फळी बाद.

गावच्या लाकडांत ऐन आणि किंजळ तुळयांना, वाशांना उत्तम. जड, कणखर, ओझं घेणारं लाकूड. पण सुकताना त्याला चिरा जातात आणि ते पीळ घेतं, त्यामुळे पाऊण इंची फळ्या काढून जमिनीला वापरायचं तर दोन पावसाळे सावलीत मुरलेलंच घ्यावं. फणस मात्र उपेक्षित आहे. गाभ्याचा पिवळा रंग पाच-सात वर्षांत तांबूस-तपकिरी होतो, वाळवीला तो दाद देत नाही आणि बऱ्यापैकी शांत राहतो. माडीवरच्या निजायच्या खोलीला फणसाची जमीन सागाच्या शेजारी बसवता येईल अशी दिसते. शिवण सगळ्यात कमी हलणाऱ्यांपैकी, पण मऊ. खुर्चीचा पाय ओढला की रेघ उठते, म्हणून ती दाराच्या पॅनेलला बरी. आंब्याचा विचार करू नका. हल्ली बांधावरचा आकेशिया कापून ‘हार्डवूड’ म्हणून देतात. कडक आहे खरं, पण नीट सुकवलेला मिळणं दुर्मीळ.

स्वतःच्या बागेतलं झाड असलं तरी साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, खैर ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास आधी काढा, कारण ट्रक नाक्यावर अडकला की लाकूड पावसात भिजत पडतं आणि सुकवण्याचे सहा महिने वाया जातात.

माल किती लागेल? बारा बाय दहाची खोली धरा, १२० चौरस फूट. तयार फळी १९ मिमी हवी तर कच्ची एक इंची काढावी लागते, म्हणजे सरळ दहा घनफूट. पण तयार तोंड ९० मिमीचं हवं असेल तर कच्ची फळी १०० मिमीची लागते: सहा मिमी जिभेत (शेजारच्या फळीच्या खाचेत बसणाऱ्या कडेत) जातात, चार रंध्यात. टोकं छाटणं, गाठी आणि पांढरं काढणं यात आणखी पंधरा टक्के धरा. हिशेब साडेबारा-तेरा घनफुटांवर येतो. कोटेशनमध्ये साडेदहा लिहिलेलं दिसलं तर एकतर फळी पातळ येणार आहे, नाहीतर पांढरं चालवून घेणार आहेत.

आता सुकवण्याकडे. उघड्यावर सुकवायला जुना हिशेब ‘इंचाला वर्ष’ असा आहे आणि तो बरोबर आहे. जमिनीपासून फूटभर वर, थरांमध्ये इंचभर चौकोनी रिपा, दर दीड-दोन फुटांवर एक आणि सगळ्या एकाखाली एक, वर पत्रा, बाजू मोकळ्या. रिपा एका रेषेत नसतील तर फळ्या तिथेच वाकतात. भट्टीतून सुकवून आणत असाल तर त्यांना आठ टक्के सांगू नका, बारा-तेरा सांगा. आठवर सुकवलेलं लाकूड इथे आल्यावर परत ओल घेणारच. मग सुकवायचे पैसे कशासाठी दिले?

फळ्या बसवायच्या त्याच खोलीत, रिपा घालून, पंखा लावून किमान तीन-चार आठवडे ठेवाव्यात. बंद पेटीत ठेवलेल्या फळ्या ‘घराला सरावत’ नाहीत, सरावतो तो पुठ्ठा. किती दिवस झाले यापेक्षा मीटर काय सांगतो ते बघा. दोन टोचण्यांचा मॉइश्चर मीटर काही हजारांत येतो, आणि लाखभराचं काम करताना तो न घेणं याला काटकसर म्हणत नाहीत. वेगवेगळ्या पंधरा-वीस फळ्यांवर, टोकापासून फूटभर आत, वरून आणि खालून वाचन घ्या. मीटरवर लाकडाची जात निवडायची सोय असेल तर साग निवडा, नसेल तर आकडा एक-दोन टक्के इकडे-तिकडे धरा.

मीटरवर विश्वास नसेल तर स्वयंपाकघरातला ओटीजी आणि डिजिटल काटा पुरतो. फळीच्या मधून (टोकाकडून नाही) चार इंचांचा तुकडा कापा आणि लगेच वजन करा. समजा २२८ ग्रॅम भरला. ओटीजी १०० ते १०५ अंशांवर ठेवून तुकडा आत घाला आणि दर दोन-तीन तासांनी वजन करा. वजन उतरायचं थांबलं की तो कोरडा. २०० ग्रॅमवर थांबला तर २८ ग्रॅम पाणी होतं. २८ भागिले २००, म्हणजे १४ टक्के. भागायचं कोरड्या वजनाने, ओल्या वजनाने नाही. इथे बरेच जण चुकतात आणि लाकूड आहे त्यापेक्षा कोरडं समजतात.

चौदा हा आकडा मुद्दाम घेतला. किनाऱ्यावर जमीन बसवायला १३ ते १४ टक्के हा आमच्या मते नेमका मुक्काम आहे, कारण तो बारा आणि अठराच्या मध्याच्या जरा खाली पडतो. फेब्रुवारीत अकरावर घट्ट बसवली तर पावसाळ्यात फुगायला जागा उरत नाही. ऑगस्टमध्ये अठरावर बसवली तर शिमग्यापर्यंत फटींत पोस्टकार्ड उभं राहतं. लाकूड सावलीत ठेवलेलं असेल तर दिवाळी उलटल्यावर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ते आपोआप या आकड्यावर येतं. अडचण अशी की चाकरमान्यांना काम एकतर मेच्या सुट्टीत हवं असतं, नाहीतर गणपती यायच्या आत. गणपतीआधीची घाई तर साफ चुकीची. लाकूड ओलं, स्लॅब ओला, पॉलिशही वाळत नाही. मे महिन्यातच करायचं झालं तर होतं, पण मग फटींचा हिशेब अधिक काटेकोर लागतो. तो पुढे येतो.

घरात कुठे करायची? जुनी घरं बघा. माडीला फळ्या, माजघराला सारवण नाहीतर कोबा. जुन्या लोकांना लाकूड परवडत नव्हतं असं नाही, माडीला त्यांनी सव्वा-सव्वा इंची फळ्या घातल्याच. जोत्यावर घातल्या नाहीत, कारण जांभ्याचं जोतं पावसाळ्यात जमिनीतली ओल वर ओढतं. चिरा सच्छिद्र असतो, वातीसारखं काम करतो. माडीच्या फळीला खालूनही हवा मिळते आणि वरूनही, दोन्ही अंगं सारखी ओलावतात, सारखी सुकतात, म्हणून ती सरळ राहते. आजही पहिली पसंती माडीलाच द्या. तुळयांवर ऐनाचे किंवा सागाचे आडवे वासे (जॉइस्ट) सोळा-सोळा इंचांवर, त्यावर सव्वा इंची फळी थेट, नाहीतर १९ मिमी प्लाय घालून वर १९ मिमी फळी. पहिला प्रकार खालून सुंदर दिसतो, दुसऱ्यात पावलांचा आवाज आणि वरची धूळ खाली येत नाही. स्वयंपाकघर, न्हाणीघराची पुढची तीन फूट जागा, आणि पावसाची झड येते ती ओटी-पडवी, इथे लाकूड नको. तिथे लादी किंवा रेड ऑक्साइडचा कोबा.

तळमजल्यावर हवीच असेल तर निम्म्याहून जास्त काम लाकडाच्या आधीचं आहे.

नवा काँक्रीट स्लॅब बरी हवा असेल तर इंचाला महिना या चालीने सुकतो. चार इंची स्लॅब चार महिने. त्यात पावसाळा आला तर ते महिने मोजायचेच नाहीत. ओल बघायची सोपी रीत: दीड फूट बाय दीड फूट जाड, पारदर्शक पॉलिथिन जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा. किमान सोळा तास, चांगलं म्हणजे दोन दिवस ठेवा. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडलं तर स्लॅब तयार नाही. पण काही दिसलं नाही म्हणून तो तयार आहे, असंही नाही. वरचा थर सुकलेला आणि पोट ओलं, असं हमखास असतं. खात्री हवी तर स्लॅबच्या जाडीच्या ४० टक्के खोल भोक पाडून (चार इंचीत ४० मिमी) त्यात आर्द्रतेचा प्रोब बसवतात, तोंड बंद करून २४ तासांनी वाचतात. ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर पुढे जा. ही तपासणी खोलीत किमान तीन ठिकाणी, आणि त्यातली एक न्हाणीघराच्या भिंतीलगत करा.

सपाटी बघायला सहा फुटी सरळ अॅल्युमिनियमची पट्टी पुरे. तिच्याखाली तीन मिमीपेक्षा जास्त फट कुठेही नको. उंचवटे घासा, खळगे सेल्फ-लेव्हलिंगच्या मिश्रणाने भरा. वाळू-सिमेंट भरून परत ओल आणू नका.

मग ओलीला अडसर. आमची पसंती दोन हात इपॉक्सी, दुसरा हात पहिल्याला काटकोनात. त्यावर २०० मायक्रॉनचं पॉलिथिन, जोडाला सहा-आठ इंच एकावर एक, आणि भिंतीला दोन इंच वर चढवलेलं. आता इथे नेहमीची चूक होते. एवढं पॉलिथिन अंथरतात आणि मग त्यातूनच प्लाय स्लॅबला अँकर मारून ठोकतात. शंभर भोकं. चाळणीवर पाणी अडत नाही, तशी तिच्यावर ओलही अडत नाही. त्याऐवजी १२ मिमी मरीन प्लायचे (आयएस ७१० शिक्का बघून) दोन थर, दुसरा पहिल्याला आडवा, दोन्ही एकमेकांना चिकटवून आणि पाऊण इंची स्क्रूने जखडून, पण स्लॅबला कुठेही न ठोकता. दोन्ही मिळून २४ मिमी आणि स्क्रू १९ मिमी, म्हणजे टोक खाली पॉलिथिनपर्यंत पोचत नाही. हाताशी एक इंची स्क्रूचा डबा असला तर तो खोलीबाहेर ठेवा. मिस्त्री संपले की तेच उचलतो. शीटांमध्ये तीन मिमी, भिंतीलगत १५ मिमी फट.

वाळवीचं काम जोत्यातच व्हायला हवं. आयएस ६३१३ प्रमाणे मातीला औषध, बांधकामाआधी एका पद्धतीने, बांधून झालेल्या घरात जोत्याच्या कडेने भोकं पाडून दुसऱ्या पद्धतीने. फळीला बोरॅक्स-बोरिकचं पाणी द्यायचं असेल तर ते सुकवण्याआधी, बसवायच्या दिवशी नव्हे.

उंचीकडे लक्ष ठेवा: २४ आणि १९, एकूण ४३ मिमी जमीन वर येते. दारं खालून कापावी लागतील, शेजारच्या खोलीशी पायरी पडेल आणि जिन्याची पहिली पायरी बुटकी होईल. बुटक्या पायरीवर माणसं अडखळतात. हे प्लॅनमध्येच सोडवा. जुन्या घरात उंबरा असतो, तो ही ४३ मिमी बिनबोभाट गिळतो.

बसवताना फळी आणि खालच्या प्लायच्या ओलीत फरक दोन टक्क्यांहून जास्त नसावा. अरुंद, अडीच-पावणेतीन इंची फळ्यांना चार टक्क्यांपर्यंत चालतं. प्रत्येक फळीच्या खालच्या अंगाला आणि दोन्ही टोकांना सीलरचा एक हात द्या. वर तीन हात आणि खाली काहीच नाही अशी फळी एका अंगाने पाणी पिते आणि वाकते. फळी जिभेतून तिरका खिळा किंवा स्क्रू घालून बसते, दर आठ-दहा इंचांवर एक. लोखंडी खिळे नकोत. समुद्राच्या हवेत ते गंजतात आणि लाकडाभोवती काळा डाग पसरतो. स्टेनलेसचे ३०४ प्रतीचे चालतात, अगदी किनाऱ्याला लागून घर असेल तर ३१६ चे. पितळी स्क्रू हा जुना आणि अजूनही उत्तम उपाय आहे, फक्त आधी भोक पाडा, नाहीतर त्याची मान तुटते.

भिंतीलगत १५ ते २० मिमी मोकळी जागा आणि वर स्कर्टिंग, हे सगळ्यांना माहीत असतं. पण खिळ्यांनी जखडलेल्या जमिनीत खोलीच्या मधल्या फळीचं फुगणं सरकत सरकत भिंतीपर्यंत जात नाही. ते तिथल्या तिथे दोन फळ्यांच्या जोडात दाटतं. म्हणून जागा जोडातही लागते. त्यासाठी सुताराच्या पेटीतलं हॅक्सॉ ब्लेड घ्या. त्याची जाडी साधारण ०.६ मिमी. तेराला बसवलेली ९० मिमीची क्राउन कट सागाची फळी अठरावर गेली तर ०.८ मिमी वाढते, क्वार्टर कट ०.४५. पॉलिशमुळे पूर्ण वाढ सहसा होत नाही. तेव्हा क्राउन कट असेल तर प्रत्येक ओळीत, क्वार्टर कट असेल तर एकाआड एक ओळीत दोन ब्लेडं जोडात उभी धरायची, फळी त्यांना टेकवून ठोकायची, खिळे झाले की ब्लेडं उपसायची. मे महिन्यात अकरा-बाराला बसवत असाल तर क्वार्टर कटलाही प्रत्येक ओळीत. नवीन जमिनीवर या बारीक रेघा दिसतात आणि घरमालक कुरकुरतो. आषाढात त्या मिटतात. मिस्त्री फळी हातोडीने गच्च बसवून ‘बघा, केस जाणार नाही’ म्हणाला, की त्याला तिथेच थांबवा.

इंजिनिअर्ड वूड घेणार असाल तर गाभा विचारा. प्लायचा गाभा असेल आणि वर तीन-चार मिमी खरं लाकूड असेल तर कोकणासाठी ते खरंच चांगलं आहे, आडव्या-उभ्या थरांमुळे ते फारसं हलत नाही. गाभा एचडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा असेल तर नको. लॅमिनेटही तोच भुसा, वर छापील कागद. कडेतून ओल गेली की बिस्किटासारखं फुगतं आणि सुकलं तरी परत बसत नाही.

पॉलिशबद्दल थोडक्यात. घासकाम ६०, ८०, मग १२० नंबर. सागात नैसर्गिक तेल असतं, म्हणून पहिला हात द्यायच्या जरा आधी थिनरने पुसून घ्या, नाहीतर थर सोलून निघतो. ऑइल-बेस पॉलियुरेथेनचे तीन हात. लाखेचं पॉलिश कपाटाला शोभतं, जमिनीवर ओल्या पेल्याचं पांढरं वर्तुळ उमटतं. पावसाळी हवेत लॅकर मारला तर तो दुधाळ पडतो. जॉइस्ट आणि फळ्यांची न दिसणारी अंगं यांना होडीला लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल लावायला हरकत नाही. हातमोजे घालून लावा, ते कातडी भाजतं.

आता बिघाड. फळीच्या कडा वर आणि मध्ये पन्हळ, याचा अर्थ खालचं अंग वरच्यापेक्षा ओलं आहे. स्लॅबची ओल, गळकी नळी, नाहीतर वर एसी. एसीचं कारण हल्ली वाढलंय. होमस्टेच्या खोलीत पाहुणे रात्रंदिवस एसी लावतात, वरची हवा ५० टक्क्यांवर येते, फळीचं वरचं तोंड नऊ-दहा टक्क्यांकडे सुकायला लागतं आणि खालचं सतरावरच असतं. बरगड्या दिसायला लागतात. अशा खोलीत आठवडाभर एसी बंद, खिडक्या उघड्या ठेवून बघा, खूपदा उतरतं. पण सगळ्यात महाग चूक पुढेच होते. पन्हळ दिसली की ऑगस्टमध्येच मशीन आणून वर आलेल्या कडा घासून जमीन सपाट करतात. जानेवारीत फळी सुकते, बसते, आणि कडा घासून गेलेल्या असल्यामुळे आता मधला भाग उंच राहतो. ते दुरुस्त करायला परत घासायचं, म्हणजे दोन वर्षांत फळीचा निम्मा जीव गेला. ओलीचं कारण शोधा, बंद करा, आणि फळीच्या वरचं-खालचं वाचन एक-दीड टक्क्यांच्या आत येईपर्यंत मशीनला हात लावू नका.

जमीन तंबूसारखी उठली तर स्कर्टिंग काढा. बहुधा भिंतीलगतची फट सिमेंटने किंवा पुट्टीने भरलेली सापडते. ती उकरली, शेवटची एक ओळ काढली की बऱ्याचदा जमीन दोन-तीन आठवड्यांत खाली बसते. चालताना करकर वाजत असेल तर फळी खिळ्यावर सरकते आहे. पावडर भरून उपयोग नाही, खालच्या जॉइस्टमध्ये किंवा प्लायमध्ये स्क्रू घालूनच ती थांबते.

बंद घर हा कोकणातला वेगळा आजार आहे. कुलूप गणपती संपल्यावर लागतं ते मेमध्ये निघतं, किंवा जूनमध्ये लागतं ते थेट गणपतीला. जून ते ऑगस्ट बंद राहिलेल्या खोलीतली आर्द्रता ९० च्या वर जाऊन तिथेच राहते, आणि सतरंजीखाली, गादीखाली जमिनीला बुरा येतो. जाताना सतरंज्या गुंडाळून उभ्या करा, कपाटं भिंतीपासून दोन इंच सरकवा, आतली दारं उघडी ठेवून पाचर मारा. समोरासमोरच्या दोन भिंतींना छताजवळ जाळीचे झरोके असतील तर फार फरक पडतो. उघडीप पडली की कुणीतरी दोन-तीन तास खिडक्या उघडेल अशी व्यवस्था करा, मुसळधार पावसात मात्र उघडू नका, बाहेरची हवा आतल्याहून ओली असते. बुरा आलाच तर स्पिरिटने पुसा, पाण्याने धुऊ नका. एरवीही रोजच्या झाडलोटीला घट्ट पिळलेलं फडकं, फिनेलचं पाणी ओतून पोछा नको.

१९ मिमीच्या फळीत जिभेच्या वर साधारण सहा मिमी लाकूड असतं. एका घासकामात अर्धा ते एक मिमी जातं, म्हणजे दर दहा-बारा वर्षांनी घासली तरी चार-पाच वेळा निभावते. पण कुठेतरी एक फळी बदलावी लागणारच, आणि दहा वर्षांनी तोच साग, तोच रंग वखारीत मिळत नाही. म्हणून त्याच लॉटमधल्या दहा-बारा चौरस फूट फळ्या जास्त काढून घ्या, सीलर लावून त्याच घराच्या माळ्यावर, भिंतीपासून लांब, रिपांवर ठेवा. मुंबईच्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवू नका, आणि पाट करायला शेजाऱ्यांना देऊ नका.